बिराजदार काकांची पट्टी

पडद्यावर नावं मावेनात म्हणून अक्षरंच बारीक करणारा माणूस मी अख्ख्या लातुरात एकच बघितला, आमचे बिराजदार काका. आयटीआयमधून रिटायर झालेले. आमच्या कोचिंग क्लासच्या पोरांचे मार्क कम्प्युटरवर दिसावेत म्हणून त्यांनी प्रोग्राम केला. निलंगा, अहमदपूर, कुठकुठनं पोरं येत गेली आणि अक्षरं मुंगीएवढी झाली. पालक पडद्याला नाक लावून पोराचं नाव हुडकायचे.

क्लासच्या पुढच्या टेबलावर चौकशीला मी बसायची, त्यामुळं पालकांची बोलणी मलाच. काकांना म्हटलं, कडेला वर-खाली सरकवायची पट्टी लावा की, सगळ्या प्रोग्रामांत असते. त्यांचं ठरलेलं उत्तर, "लावू की. गडबड काय हाय?" कधी म्हणायचे, पट्टीनं माणूस आळशी होतो. कधी म्हणायचे, अमावस्या होऊन जाऊ द्या. एकदा लावली, ती उलटी. खाली ओढली की वरची नावं यायची. ती पण दुसऱ्या दिवशी काढून टाकली. स्वतः मात्र पहिल्या एसटीनं येऊन, क्लास उघडायच्या आधी पायरीवर बसलेले.

शेवटी क्लासचे मालक, म्हणजे आमचे सर, वैतागले. म्हणाले, सोमवारी पट्टी दिसली नाही तर दुसरा माणूस बघतो. रविवारी मी तणतणतच काकांच्या गावी गेले.

भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. रस्ते ऐसपैस, घरं लांबलांब, शेजाऱ्याला हाक ऐकू जाऊ नये इतकी. काकांची बायको आणि लेक भूकंपात गेली, हे मला ठाऊक होतं. त्यांचं घर मी पहिल्यांदा बघत होते.

काका चहा ठेवायला आत गेले. कोपऱ्यातल्या जुन्या कम्प्युटरवर आमचाच प्रोग्राम चालू होता. अक्षरं ठसठशीत आणि कडेला झकास पट्टी. मी सरकवून बघितली, लोण्यासारखी सरकली. माझं डोकंच फिरलं.

"काका, ही कधी केली?"

"झाले की लई दिवस."

"मग तिकडं का लावली न्हाई?"

त्यांनी चहा माझ्यापुढं ठेवला.

"पट्टी लावली की काम संपलं, ताई. मग मला कोण ये म्हणंल?"

माझा राग कुठल्या कुठं गेला.

सोमवारी पट्टी लागली. सर खूश झाले. मी त्यांना बजावलं, पट्टी नवी हाय, मधेच अडकती, काकांना यावंच लागंल. सरांना कम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.