शनिवारचा निबंध आणि शिंपीकाकांचा नंबर

"हा शेवटचा," ठिणगीने जाहीर केलं. "या शनिवारी असला निबंध वाचते की पुढच्या शनिवारी लोक हात जोडतील."

आई छापखान्यातून आलेली प्रुफं तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं नाही, मान पण वर केली नाही. "पुरे कर म्हणून?"

"बघशील तू."

"बघते की. तेवढ्यात त्या वाक्यातला 'अतिशय' काढ. तीन ओळीत दुसऱ्यांदा आलाय."

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. बाबांनी ठेवलेलं. कुठे पडेल आणि काय पेटेल याचा नेम नाही म्हणून. शाळेत असताना ती पडली निबंधाच्या तासाला. सर फळ्यावर अख्खा निबंध लिहून द्यायचे, वर्गाने तो उतरवून घ्यायचा आणि परीक्षेत तसाच ओकायचा. आवडता ऋतू सगळ्या वर्गाचा एकच. ठिणगीने नावडत्या ऋतूवर लिहिलं. सरांनी न वाचता त्यावर फुली मारली. मग डस्टर खिडकीतून खाली गेलं आणि दप्तर घेऊन ठिणगी जिन्यातून. दोघांपैकी परत कोणीच आलं नाही.

घरी तिला वाटलं होतं आता मजाच मजा. पण आईने दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, तिच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाली, "शाळा सुटली. लिहिणं सुटलं असं कोण म्हणालं?"

तेव्हापासून दर सोमवारी गृहपाठ. एक कविता वाचायची नाहीतर एक गोष्ट, आणि त्यावरून आपलं काहीतरी लिहायचं. आठवडाभर आईचं लाल पेन त्याच्यावर फिरायचं. कागद असा दिसायचा की दाढी करताना बाबांचा हात घसरलाय.

आणि शनिवारी तो बाबांच्या सलूनमध्ये वाचायचा.

ही आईचीच कल्पना. सलून घराच्या पुढच्या खोलीत, मध्ये फक्त एक पडदा. आईचं म्हणणं होतं, घरचे लोक प्रेमाने ऐकतात, त्यांचा काही उपयोग नाही. खरा श्रोता म्हणजे ज्याच्या गळ्याशी वस्तरा आहे आणि ज्याला उठून जाता येत नाही. नियम दोनच. वाचताना मध्ये थांबून समजावून सांगायचं नाही. लोकांना कळलं नाही तर लिहिणाऱ्याची चूक, तोंडाने ठिगळं लावायची नाहीत. आणि दुसरा नियम, ज्यावर ठिणगीचा सगळा जीव होता: ज्या दिवशी निबंध ऐकता ऐकता गिऱ्हाईक आपला नंबर विसरेल, त्या दिवसापासून शनिवार तिचा.

शनिवार तिला हवा होता शेजारच्या सायकलवाल्या दादासाठी. दादाकडे शनिवारीच गर्दी. त्याने सांगून ठेवलं होतं, "शनिवारी येणार असशील तर शिकवतो. बाकीच्या दिवशी मीच माश्या मारतो, तुला काय मारायला देऊ?" ठिणगीला चाकाचा बाक काढायचा होता, चेन जोडायची होती, हात काळे करायचे होते. शाईने नव्हे, ग्रीसने.

पण सलूनमध्ये नंबर कोण विसरतो? आपलं लग्न विसरलेला माणूस पाहिलाय, पण नंबर विसरलेला नाही.

त्या आठवड्यात आईने दिली होती चेतनागुणोक्ती. म्हणजे निर्जीव वस्तू, पण ती माणसासारखी वागते असं लिहायचं. ठिणगीने वस्तू निवडली, पण तिचं नाव अगदी शेवटच्या ओळीपर्यंत लपवून ठेवलं. लोक अंदाज बांधत बसतील, नंबर गेला खड्ड्यात, असा तिचा डाव होता.

शनिवार उजाडला. खुर्ची एकच, आणि तिच्यात बसले होते निबंधाचे सर. हो, तेच. त्यांना आसपास दुसरं सलून नव्हतं आणि बाबांना दुसरे सर नव्हते. दर शनिवारी ते दाढीला यायचे, डोळे मिटून बसायचे. झोपलेत की ऐकतायत, फेसामुळे कळायचं नाही. ठिणगी त्यांच्याकडे बघायची नाही, ते ठिणगीकडे बघायचे नाहीत. बाकावर शिंपीकाका. पुढचा नंबर त्यांचा. त्यांच्या शेजारी पेपरवाले आजोबा. आजोबांच्या डोक्यावर एक केस नव्हता, पण ते रोज यायचे, फुकटचा पेपर वाचायचे आणि "माझी घाई नाही" असं सगळ्यांना सांगायचे.

पडद्यात आई उभी राहिली. बाबांनी नेहमीसारखं कोपऱ्यात जाऊन बटण बंद केलं. शनिवारी वाचताना शांतता लागायची.

ठिणगीने घसा साफ केला. "आमच्याकडे एक जण आहे. कोपऱ्यात असतो. म्हातारा झालाय, पण जागा सोडत नाही."

पेपर दोन बोटं खाली आला.

"दिवसभर त्याची बडबड चालू. आवाज मोठा, काम थोडं."

"एक मिनिट," शिंपीकाका म्हणाले. "हे तुझ्या बाबांच्या पँटीवरून आहे का?"

बाबांची पँट काकांकडे शिवायला पडून होती. इतके दिवस, की बाबांचं माप बदललं होतं.

ठिणगीने आईकडे पाहिलं. आईने ओठांवर लाल पेन ठेवलं. ठिगळं नाहीत.

"पाठीत एक चापट बसल्याशिवाय तो कामाला लागत नाही."

"चापट?" काका उठलेच. "अहो, आत्तापर्यंत तुमच्या तीन पिढ्यांचे कपडे शिवले मी. चापट मारणार मला? निदान नाव तरी घे माझं, असं आडून काय बोलतेस?"

"बसा हो," आजोबा म्हणाले. "जागा न सोडणारा म्हातारा मी आहे, तुम्ही नाही. मला कळलंय. वाच गं पोरी, होऊन जाऊ दे."

"घरात त्याला काढून टाकायचं बोलणं चाललंय," ठिणगी पुढे वाचू लागली. आवाज आता जरा बारीक झाला होता, कारण पुढची ओळ काय आहे ते तिला माहीत होतं. "पण भंगारवालासुद्धा नको म्हणाला."

आजोबांनी पेपराची घडी घातली. आजवर त्यांनी तो घडी घालून ठेवलेला कोणी पाहिला नव्हता. "म्हणजे तुम्ही विचारून पण झालं?"

"आजोबा, तसं नाही," बाबा वस्तरा हातात धरून म्हणाले. हातात वस्तरा असताना काहीही म्हटलं तरी ते धीर देणारं वाटत नाही.

"असू दे, असू दे. पेपर मी घरीच घेत जाईन."

"आणि मी पँट आत्ता आणून देतो," काका म्हणाले. "एकच पाय झालाय. एका पायाची घाला."

दोघेही एकदमच बोलायला लागले. बाबा "अहो ऐका" म्हणत मध्ये. ठिणगीचं डोकं तापलं. हे काय चाललंय? हे तर नीट ऐकतसुद्धा नाहीत. समजावून सांगायचं नाही ना, ठीक आहे. पण मोठ्याने वाचायचं नाही असं कुठे म्हटलंय? ती बाकाच्या कडेवर चढली आणि ओरडूनच वाचलं:

"तो सगळ्यांकडे बघतो! पण कोणाकडेच थांबत नाही! समोरचा जरा सुखावला, की मान फिरवून पुढे. खिडकीपाशी बसलेल्यापर्यंत तर तो कधी पोचतच नाही."

खुर्चीतल्या सरांनी डोळे उघडले.

एका गालावर फेस, एक गाल कोरा. ते आरशातून ठिणगीकडे बघत होते. मग त्यांनी गळ्याभोवतीचं कापड स्वतःच सोडलं, उठले, कापडाची नीट घडी केली आणि बाबांच्या हातात दिली.

"सर, दाढी," बाबा म्हणाले.

"राहू दे," सर म्हणाले. पण गेले नाहीत. दाराशी जाऊन नुसते उभे राहिले. अर्ध्या गालाने रस्त्यावर जायचं कसं, हा प्रश्नच होता.

त्यांना ओलांडून एक अनोळखी माणूस आत आला. घाईत होता. खुर्ची रिकामी दिसली, बसला. बाबांचे हात तर सवयीचे. खुर्चीत डोकं दिसलं की कापड गळ्याभोवती जातं, कात्री सुरू होते. इकडे काका आजोबांना सांगतायत की थोडं काम करणारे आपणच, आजोबा काकांना सांगतायत की भंगार आपणच, दोघेही तो मान सोडायला तयार नाहीत, आणि बाबा त्या माणसाचे केस कापतायत.

"काय उकडतंय हो तुमच्याकडे," तो माणूस म्हणाला. "पंखा लावा की जरा."

बाबांनी कात्री न थांबवता कोपऱ्यातल्या टेबलफॅनचं बटण दाबलं. फॅन चालू झाला नाही. बाबांनी त्याच्या पाठीत एक चापट मारली.

खड खड खड. फॅन कुरकुरत जागा झाला. शिंपीकाकांकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, खिडकीच्या जरा अलीकडेच थबकला आणि मान फिरवून परत गेला.

सलूनमध्ये त्याच्याशिवाय कोणी बोलेना.

"भंगारवाला याला नको म्हणाला?" शेवटी आजोबांनी विचारलं.

ठिणगीने नुसती मान हलवली. फॅननेही हलवली.

आजोबांनी पेपर उघडला आणि त्याच्यामागे गेले. पेपर बराच वेळ हलत होता. शिंपीकाकांना खोकल्याचं निमित्त करून हसायचं होतं, पण खोकलाच नीट येईना.

सर दारातून परत आले आणि बाकावर बसले. फेस आता वाळून भिंतीच्या पोपड्यांसारखा झाला होता. "शेवटची ओळ राहिली तुझी," ते म्हणाले.

ठिणगीने कागद वर केला. "असा आमचा पंखा. पण दुपारी लाइट गेली की सगळ्यात आधी आठवण त्याचीच येते."

सर तिच्याकडे वळले. "वर्गात तू कुठे बसायचीस?"

"खिडकीपाशी."

"हं," सर म्हणाले. "वारा पोचत नव्हता तिथे." मग हात पुढे करून म्हणाले, "बघू कागद." आणि त्यांनी तो वाचला. पहिल्या ओळीपासून, फेस वाळलेल्या तोंडाने, सावकाश.

एवढ्यात अनोळखी माणूस उठला, आरशात बघून केसांवरून हात फिरवला आणि निघून गेला. तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा शिंपीकाका ताडकन उठले. "अहो! माझा नंबर होता!"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. आईने लाल पेनाला टोपण लावलं. "विसरलात तुम्ही," ती म्हणाली. "शनिवार तिचा."

नंतर फरशी झाडता झाडता बाबांनी ठिणगीला बाजूला घेतलं. "म्हणजे मी नव्हतो ना तो?"

पुढच्या शनिवारी ठिणगी सायकलवाल्या दादाकडे. कोपरापर्यंत ग्रीस, अगदी मनासारखं. पण शेजारच्या सलूनमधून दिवसभर खड खड खड. शनिवारी तो आवाज तिने त्या एका दिवसाखेरीज कधी ऐकलाच नव्हता. तिच्या वाचनासाठी फॅन बंद असायचा. आजोबा दोनदा बाहेर येऊन हवा भरायची आहे म्हणाले. त्यांच्याकडे सायकल नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारी दादाच म्हणाला, "मघापासून त्याच चाकाला पंक्चर लावतेयस. त्याला भोक नाहीये."

ठिणगी भडकली. "मग आधी नाही सांगायचं?"

आणि हात पुसून खिशातून कागद काढला. ट्यूब बुडवून भोक शोधायच्या पाण्याच्या टबाविषयी निबंध लिहिला होता, आईचं पेन न लागलेला, ग्रीसच्या बोटांसकट. तरातरा सलूनमध्ये गेली. कोपऱ्यात जाऊन फॅनचं बटण स्वतः बंद केलं. आई पडद्यात आली. आजोबांनी पेपर खाली घेतला. बाकावरच्या सरांनी डोळे मिटलेच नाहीत.

ठिणगीने घसा साफ केला.

"थांब, थांब," शिंपीकाका म्हणाले. ते घाईघाईने खुर्चीत जाऊन बसले, कापड स्वतःच्या हाताने गळ्याभोवती बांधलं आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "हं. आता वाच काय वाचायचं ते."