कॉर्कमधला होकार

माणसं जमवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! हे मी म्हणत नाही, कोथरूडमधल्या आमच्या बिल्डिंगचे लोक म्हणतात. थोड्या वेगळ्या शब्दांत म्हणतात, पण अर्थ तोच. गणपतीत आरतीला चार डोकी जमायची मारामार असायची. मी सूत्रं हातात घेतली आणि जिन्यात उभं राहायला जागा उरेना! युक्ती सोपी आहे. लिफ्टपाशी थांबायचं, दूध घेऊन वर निघालेल्या माणसाच्या हातात झांज द्यायची आणि दुधाची पिशवी आपल्याकडे ठेवायची. दुधासाठी तरी माणूस शेवटच्या आरतीपर्यंत थांबतोच.

त्यामुळे एमएस्सी करायला आयर्लंडला, कॉर्कला आल्यावर कॉलेजच्या सेवा सोसायटीची भरती सचिव निवडायची वेळ आली, तेव्हा मी ताडकन हात वर केला. बाकी कुणीच केला नाही, हा तपशील गौण आहे. इथे कॉलेजातल्या मंडळांना सोसायटी म्हणतात. आमच्या मंडळाचं काम एवढंच, की गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे दर गुरुवारी जायचं, गप्पा मारायच्या, सामान आणून द्यायचं आणि मंडळाच्या मिनीबसमधून त्यांना अधूनमधून फिरवून आणायचं.

आमचा अध्यक्ष कीरन. तो डोनेगलचा, म्हणजे पार उत्तरेकडचा, आणि शब्द जणू रेशनवर मिळत असल्यासारखा बोलतो.

"पाचजण उरलोय," तो म्हणाला. "नवीन येतात. बस धुवायला लावली की जातात."

"मग?"

"बुधवारी सभा. पंधरा मेंबर हजर नसले तर मंडळ बंद."

"आणि आपली बस?"

"सर्फिंग क्लबला."

बस जाऊन कसं चालेल! कारण बस म्हणजे नोराआजी. ऐंशी ओलांडलेली, टवटवीत, जिभेला हाड नसलेली बाई. माझा गुरुवार तिच्याकडे असतो. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून तिने समुद्र पाहिलेला नाही. बॅलीकॉटनच्या धक्क्यावर बसून गरम चिप्स खायच्या, एवढंच तिचं मागणं. शनिवारी तिला न्यायचं ठरलं होतं, आणि तिने त्यासाठी केससुद्धा सेट करून घेतले होते. शिवाय खरं सांगते, ह्या अख्ख्या गावात मला 'जेवलीस का गं?' असं विचारणारं तिच्याशिवाय कुणी नाही. तिचं मन मोडणं मला जमणार नव्हतं.

"कीरन, मेंबरांचं माझ्यावर सोड," मी म्हटलं. "मागणी एवढी वाढेल, की तुलाच दार लावून घ्यावं लागेल!"

सोमवारी सगळ्या मंडळांचा मेळावा होता. कीरन बस घेऊन गॅरेजला गेला होता, त्यामुळे टेबलावर मी एकटी. शेजारी सर्फिंगवाले फुकट पिझ्झा वाटत होते. माझ्याकडे नुसता आग्रह! पहिलाच मुलगा समोरून जाताना मी त्याला गाठलं.

"बुधवारी संध्याकाळी आमच्या सभेला येशील?"

"आय विल, या!" तो म्हणाला.

बघा! आढेवेढे नाहीत, 'बघतो' नाही, 'घरी विचारून सांगतो' नाही. सरळ 'येईन, हो!' असा होकार! पुढच्या मुलीला मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. दर गुरुवारी म्हाताऱ्यांकडे जायचं, महिन्यातून एकदा बस धुवायची, आतून, बाहेरून.

"ओह, आय विल, या!" ती म्हणाली, आणि मैत्रिणीकडे बघून खुदकन हसली. सेवेचा इतका आनंद मी आजवर पाहिला नव्हता! मग मला जोरच चढला. रग्बीच्या एका आडव्यातिडव्या गड्याला तर मी पहाटे उठून आज्यांच्या अंगणातला बर्फ काढशील का, असंही विचारलं. "आय विल, या, गर्ल!" म्हणाला. पिझ्झा खाऊन येणारेसुद्धा मला होकार देऊन गेले. सर्फिंगवाल्यांची मला कीव आली.

संध्याकाळी मी कीरनला सांगितलं, "चाळीस तरी नक्की!"

"चाळीस?" तो खुर्चीत बसला. मग भीतभीत हसला. मग त्याने छोटी खोली रद्द करून मोठा लेक्चर हॉल घेतला, आणि सोसायट्यांचा कारभार बघणाऱ्या मिसेस हर्ली यांनाही मुद्दाम बोलावलं. म्हणाला, त्यांनी हे डोळ्यांनी बघायलाच हवं.

आता चाळीस माणसं येणार, तर त्यांना रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं? मी कांदेपोहे करायचे ठरवले. आपल्याकडे पोहे खाऊन लोक जन्माची गाठ मारतात, मग एका मंडळात राहणार नाहीत?

"चाळीस माणसांचे पोहे?" माझी रूममेट रुचा किंचाळली. ती इथे औषधांच्या कंपनीत नोकरीला आहे आणि दोन माणसांचा भात करतानाही कंपनीसारखं मोजून मापून करते. "अगं, आपल्याकडे एक पातेलं आहे! त्याचाही कान तुटलाय!"

"हप्त्याहप्त्याने करू," मी म्हटलं.

मंगळवारी संध्याकाळी तिसऱ्या फोडणीला धुराचा अलार्म वाजला. अख्खी बिल्डिंग रस्त्यावर! कुणी पायजम्यात, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून, एक मुलगा तर दात घासता घासता. रुचा लाजेने कचऱ्याच्या डब्यांमागे लपली. पण मी कसली संधी सोडते! थंडीत कुडकुडणाऱ्या त्या प्रत्येकाला मी सभेचं आमंत्रण दिलं.

"आय विल, या!" सगळे एका सुरात म्हणाले. दात घासणारा तर फेस उडवत म्हणाला.

अलार्म थांबल्यावर मी नोराआजीला फोन केला. तीही तांत्रिकदृष्ट्या आमच्याच कॉलेजची विद्यार्थिनी! संध्याकाळी ज्येष्ठांसाठी स्पॅनिशचा वर्ग असतो, त्याला ती आणि तिच्या मैत्रिणी जातात. स्पेनला कुणीच जाणार नाही, पण वर्गात हीटर मस्त चालतो. म्हटलं, आलीच तर हॉलची शोभा वाढेल.

"छे गं बाई!" आजी म्हणाली. "तुम्हा पोरांत मी म्हातारी कशाला? मुळीच यायची नाही मी."

मी थोडी खट्टू झाले. म्हटलं, असू दे, आपले चाळीस आहेत की.

बुधवार उजाडला. हॉलमध्ये मी, कीरन, पोह्यांचे पाच डबे आणि मिसेस हर्ली. आमचे उरलेले तीन मेंबर मागच्या बाकावर. सहा वाजले, सव्वासहा झाले. दाराशी एक डोकं दिसलं. मी धावले. तो सर्फिंग क्लबचा मुलगा होता, बसची किल्ली कधी मिळेल ते विचारायला आला होता!

"तुमचे मेंबर?" मिसेस हर्लींनी घड्याळाकडे बघितलं.

"येतायत!" मी म्हटलं. "सगळ्यांनी नक्की सांगितलंय. एकूणएक जण म्हणाला, 'आय विल, या!'"

कीरनने हळूच तोंडावर हात ठेवला. मिसेस हर्ली आधी खोकल्या, मग त्यांना हसू आवरेना.

"अगं लेकी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "कॉर्कमध्ये 'आय विल, या' म्हणजे 'मेलो तरी येणार नाही!'"

मला आजवरचे सगळे होकार एकेक करून आठवायला लागले. दिवाळीला बोलावलेले वर्गमित्र! प्रोजेक्टमधला पार्टनर! आणि आमचा घरमालक! ऑक्टोबरमध्ये त्याला विचारलं होतं, हीटर दुरुस्त कराल ना? केवढ्या प्रेमाने म्हणाला होता, "आय विल, या!" आणि आम्ही दोघी स्वेटरवर स्वेटर चढवून त्याची वाट बघतोय!

"तू मला का नाही सांगितलंस?" मी कीरनवर ओरडले.

"तू 'चाळीस' म्हणालीस. ते काय म्हणाले, ते नाही सांगितलंस."

हे मात्र खरं होतं. मी मिसेस हर्लींकडून अर्धा तास मागून घेतला आणि कॉलेजातल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर हाक दिली. ही आपली माणसं, ह्यांची भाषा तरी मला कळते! लगेच गंधारचा फोन आला.

"अगं निघालोय, रस्त्यातच आहे!"

मागे कुकरची शिट्टी झाली.

"काय म्हणाला?" कीरनने आशेने विचारलं.

"रस्त्यात आहे म्हणाला," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. पोह्यांवर खोबरं पेरता पेरता मी रडत होते. शनिवार गेला, बस गेली. नोराआजीला हे कुठल्या तोंडाने सांगू?

तेवढ्यात दारात काठीची टकटक ऐकू आली. बघते तर नोराआजी! मागे तिचा अख्खा स्पॅनिशचा वर्ग! काठ्या, वॉकर, टोप्या, आणि दोन आजोबा टाय लावून!

"आजी, तुम्ही तर येणार नाही म्हणालात!"

"मग? पहिल्याच आमंत्रणाला 'हो' म्हणायचं? मला काही रीतभात आहे की नाही? तू दुसऱ्यांदा विचारलंच नाहीस!"

मी कपाळावर हात मारला. पानावर आडवा हात धरून 'नको नको' म्हणणाऱ्यांच्या देशातली मी, आणि मला हे कळू नये!

कीरनने सगळ्यांना मेंबर करून घेतलं, मिसेस हर्लींनी त्यांची कॉलेजची कार्डं तपासली. खरी होती. डोकी मोजली. पंधराच्या वर! मंडळ वाचलं! सर्फिंगचा मुलगा एक बशी पोहे खाऊन निमूट गेला. शनिवारी आम्ही बॅलीकॉटनला गेलो. नोराआजी धक्क्यावर बसली, मांडीवर चिप्स, सेट केलेल्या केसांची वाऱ्याने पार वाट लावलेली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझा ऊर भरून आला.

पण त्याआधी त्याच सभेत एक भानगड झाली, ती सांगायला हवी. कीरनने बहुमत बघून अध्यक्षपद आनंदाने नोराआजीला दिलं. तिने खुर्चीत बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न काढला.

"दर गुरुवारी एकट्या, गरजू माणसाकडे जायचं हा आपला नियम. पण एकटी माणसं तर सगळी मेंबर झाली! मग जायचं कुणाकडे?"

सगळ्या चष्म्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"बरोबर," नोराआजी म्हणाली. "घरापासून इतकी लांब, घरात हीटर बंद, आणि बिचारीला इंग्रजीही धड कळत नाही!"

ठराव एकमताने मंजूर झाला. कीरनचाही हात वर होता.

तेव्हापासून दर गुरुवारी मंडळ माझी सेवा करायला येतं. मिनीबस भरून येतं! एकही मेंबर गळत नाही. आमच्या दोन खुर्च्या आणि एका सोफ्यावर सगळी सेवाभावी मंडळी बसतात, हात चोळत म्हणतात, "पोरीला किती थंडी आहे गं इथे!" आणि मी आत उभी राहून सगळ्यांचा चहा करते. कप मीच विसळते. आणि मंडळींना पोहे लागतात, तेही दुसऱ्यांदा विचारून!