जावयाने बसवलेलं टायमिंग

"फक्त पुसून ठेवा. दुसरं काही करू नका," असं बजावून महिपतरावांनी आपल्या फियाटची किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि ते तळजाईला फिरायला निघून गेले. मुलीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ही किल्ली जावयाच्या हाती प्रथमच पडत होती.

जावई अभिनव खराडीच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर होता. हाताखाली साठ माणसं होती. ती नेमकं काय करतात हे त्याला नीटसं माहीत नव्हतं, पण ती वेळेवर करतात की नाही, हे तो रोज सकाळी विचारत असे. सासऱ्यांना या पदाचं काडीचं कौतुक नव्हतं. "तुमच्या कंपनीत बनतं काय?" हा प्रश्न ते दर दिवाळीला विचारत आणि उत्तर सुरू झालं की टीव्हीवर बातम्या लावत. "या गाडीला चाळीस वर्षांत माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. प्लग, टायमिंग, सगळं मी स्वतः बघतो," हेही ठरलेलं. आज महिपतराव आणि यमुनाबाईंच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. अकरा वाजता याच गाडीतून सगळ्यांनी खडकवासल्याला जेवायला जायचं होतं. सासऱ्यांनी एकदा तरी 'वा' म्हणावं, एवढीच अभिनवची नऊ वर्षांची आस होती.

शहाण्या माणसाने अशा वेळी फडकं घ्यावं आणि गाडी पुसावी. अभिनवने गाडी सुरू केली. ती उभ्या उभ्या जराशी थरथरली आणि त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. कॉलेज सुटल्यापासून तो बिचारा झोपलेलाच होता.

मग काय! मोबाइलवर एका अमेरिकन गृहस्थाचा व्हिडिओ लागला, डिकीतले पाने बाहेर आले, चारही प्लगच्या वायरी उपटल्या गेल्या. त्या गृहस्थाने आपल्या आठ सिलिंडरच्या धुडासाठी प्लगची जेवढी फट सांगितली, तेवढी अभिनवने या चिमुकल्या फियाटच्या प्लगांना दिली. फट मोठी तर ठिणगी मोठी, असा त्याचा हिशेब. वायरी परत लावायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की कुठली कुठे होती याच्या खुणाच केलेल्या नाहीत. पण त्यात काय एवढं? चारही सिलिंडरना ठिणगी वाटणारा तो डिस्ट्रिब्यूटर, त्याच्या टोपीवर अभिनवने वायरी ओळीने खोचल्या. एक, दोन, तीन, चार. इतकं सोपं काम सासरे उगाच मोठं करून सांगतात, असं त्याच्या मनात आलं.

किल्ली फिरवली. गाडी खोकली, आणि मग सायलेन्सरमधून असा बार निघाला, की पार्किंगमधली कबुतरं थेट समोरच्या सोसायटीत गेली.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सोसायटीच्या सेक्रेटरी वासंतीताई आल्या. "लग्न आज लागतंय का? मला वाटलं, पन्नास वर्षांपूर्वी लागलं."

"सॉरी काकू, जरा ट्यूनिंग करतोय."

"करा की. आमच्याकडे फटाक्यांना लेखी परवानगी लागते, एवढंच सांगायला आले होते."

आवाज ऐकून त्याची बायको उत्कर्षा खाली आली. "बाबांनी फक्त पुसायला सांगितलं होतं ना?"

"अगं, बेसिक इश्यू आहे. टायमिंग ऑफ झालंय. ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय."

"तू हात लावायच्या आधी ऑफ होतं?"

"आता मागचं डिस्कस करून काय उपयोग? पुढचं बघू."

"पुढचं हे आहे, की बाबा दहाला येतात. सव्वानऊ झालेत." एवढं सांगून ती निघून गेली.

अभिनवने डिस्ट्रिब्यूटरचा नट सैल केला आणि तो डबा आधी डावीकडे फिरवला, मग उजवीकडे. डावीकडे एक बार निघाला, उजवीकडे दोन. मध्ये आणल्यावर गाडी गप्पच झाली. डबा मुळात कुठे होता, याचीही खूण नव्हती. गाडीचं पुस्तक मिळतंय का म्हणून त्याने डॅशबोर्डचा खण उपसला. पुस्तक नव्हतं. एक व्हिजिटिंग कार्ड मिळालं: गेनबा, मोटार मेकॅनिक, कात्रज. त्याने फोन लावला.

"एक जुनी फियाट आहे, सहकारनगरला..."

"पांढरी व्हय? आलोच."

गाडीचा रंग याला कसा कळला, हे विचारायचंही त्राण अभिनवमध्ये उरलं नव्हतं.

गेनबा स्कूटरवरून आला, बॉनेटमध्ये वाकला आणि एकेक वायर चाचपून त्याने मान हलवली. हसला असता तर परवडलं असतं.

"वायरी कुनी लावल्या?"

"मी. सिक्वेन्समध्ये लावल्यात."

"सायेब, इंजिनाला उजळणी येत न्हाई. ह्यात आधी एक पेटतं, मग तीन, मग चार, मग दोन."

"पण असं का?"

"त्ये मला काय ठावं? मी आलो तवा तसंच हुतं."

गेनबाने वायरी बदलल्या, प्लग ठोकून फट कमी केली. मग अभिनवच्या हातातलं ते कार्ड घेऊन डिस्ट्रिब्यूटरच्या आतल्या पॉइंटच्या फटीत सरकवलं.

"कार्डाने गॅप बघता? हे मायक्रॉनमध्ये मोजायला नको?"

"मोजा की. मी तवर गाडी चालू करतो."

आणि केलीच. कान लावून त्याने डबा अर्धं बोट इकडे, पाव बोट तिकडे केला आणि नट आवळला. इंजिन असं गोड चालू लागलं, की अभिनवच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तेवढ्यात फाटकातून महिपतराव आत आले. ठीक दहा वाजले होते.

महिपतरावांनी गेनबाकडे पाहिलं. गेनबाने महिपतरावांकडे पाहिलं.

"हे कोण?" महिपतरावांनी विचारलं.

"पत्ता इचारत हुतो," गेनबा हात पुसत म्हणाला. "कात्रजला कसं जायचं म्हनून."

"सरळ जा."

गेनबा सरळ गेला.

"बाबा, मी जरा टायमिंग बसवलं," अभिनव चाचरत म्हणाला. "प्लगपण बघितले. विचारायला हवं होतं, पण..."

"तुम्ही बसवलंत?"

"हो."

महिपतराव डोळे मिटून इंजिन ऐकत राहिले. "वा," ते म्हणाले. "अगदी मी बसवतो तसंच."

यमुनाबाई आणि उत्कर्षा नटूनथटून खाली आल्या तेव्हा महिपतरावांनी जाहीर करून टाकलं, "ऐकलंस का, यापुढे गाडीचं सगळं अभिनवरावच बघतील. माझं वय झालं आता."

"अहो, चाळीस वर्षं कुणाला बोट लावू दिलं नाहीत!" यमुनाबाईंनी कौतुकाने जावयाकडे पाहिलं. उत्कर्षाने संशयाने पाहिलं. अभिनवची छाती चांगली चार बोटं फुगली. खरं सांगून टाकावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं होतं, पण एवढ्या चांगल्या दिवशी कशाला कुणाचा विरस करा? त्याने सासूबाईंसाठी अदबीने दार उघडलं.

त्या पदर सावरत आत बसत होत्या. तेवढ्यात महिपतराव त्याच्या कानाशी वाकले.

"त्याला गुरुवारी सकाळी बोलवत जा," ते हळूच म्हणाले. "तुमच्या सासूबाई तेव्हा मठात असतात."