खिडकी क्रमांक तीनचे अश्रू

सकाळी जाग आली तेव्हा भाऊंना आपले नाक चेहऱ्यावर आहे की नाही याचा पत्ता लागेना. डोळ्यांचा मात्र चांगलाच लागला. नाक दोन्ही बाजूंनी बंद, कपाळात कोणी ओले पोते कोंबून ठेवावे तसे जड, आणि डोळ्यांत मूठभर वाळू. पापणी उघडायची म्हणजे गंजलेले शटर वर ओढायचे.

"अहो, उठलात का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले.

"बी उठलोय. डोळे उठले दाहीत."

सायनसने नाक चोंदले की भाऊंच्या तोंडातून 'म' आणि 'न' गाशा गुंडाळून निघून जात आणि त्यांच्या जागी 'ब' आणि 'द' बिऱ्हाड थाटत. तीन आठवडे हेच चालले होते. नाकाच्या डॉक्टरांनी नाक वाळवायची गोळी दिली होती. तिने नाक काही वाळले नाही, डोळे वाळले. म्हणून भाऊ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरी मारून पाहिले आणि सांगितले, "डोळे पार कोरडे पडलेत."

"अहो, पाण्याची धार लागलीय की!" हे बायको म्हणाली, कारण भाऊंचे बोलणे डॉक्टरांना समजत नव्हते.

"लागणारच. डोळा कोरडा पडला की चिडतो, आणि चिडला की पाणी सोडतो."

"आणि नाकाचं काय?"

"नाक माझ्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी थेंबांची बाटली लिहून दिली.

घरी येऊन बायकोने वेळापत्रक केले. सहाला वाफ, आठला गोळी, मग दहा, बारा, दोन आणि चार वाजता डोळ्यांत थेंब. भाऊ नेमाचे पक्के. पोथीचे पान चुकेल, पण थेंबाची वेळ चुकायची नाही, अशा निष्ठेने त्यांनी ते अंगीकारले.

अडचण एवढीच होती, की या चारही वेळा कचेरीच्या होत्या. भाऊ पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या सेवाकेंद्रात खिडकी क्रमांक तीनवर बसत. तीनवर तक्रारी घेतल्या जात. पंधरा वर्षे ते तिथे बसून लोकांची बोलणी खात होते आणि तीन प्रतींत, वळणदार अक्षरात, लिहून घेत होते. त्या खुर्चीवर त्यांचा जीव होता. खिडकी क्षणभरही रिकामी दिसता कामा नये, असा साहेबांचा सक्त हुकूम. तेव्हा थेंब घालायचे तर गिऱ्हाइकाच्या देखतच घालायला हवेत.

त्यात महिन्याच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांना आत बोलावले होते.

"भाऊ, महिन्याला दोनशे तक्रारी! मुख्य कचेरी म्हणते, खिडकीवरच्या माणसाला लोकांना शांत करता येत नाही. आकडा खाली आला नाही, तर तुम्हाला गोदामात टाकावं लागेल."

गोदाम! भाऊंच्या अंगावर काटा आला. तिथे पुठ्ठ्याचा भुगा, पेंढा आणि थर्मोकोलचे कण अखंड तरंगत असत. एकदा ते कामानिमित्त अर्धा तास आत गेले होते आणि एक्केचाळीस वेळा शिंकले होते. गोदामपालाने मोजले होते. तिथे कायमचे बसायचे म्हणजे नाकाचा आणि डोळ्यांचा कारभारच आटोपला.

थेंबांच्या पहिल्या दिवशी दहाच्या ठोक्याला भाऊंनी मान मागे टाकून ते घातले आणि मान सरळ करतात तो समोर न्हावी उभा. खांद्यावर टॉवेल, बगलेत पंख्याची तीन पाती.

"हा पंखा बघा! फिरतो, पण वारा म्हणून नाही. गिऱ्हाईक दाढीला बसतं आणि घामाने साबण ओघळून जातो. चार दिवसांत दोघं अर्ध्या दाढीने उठून गेले!"

"अरेरे," भाऊ म्हणाले. त्याच क्षणी दोन्ही डोळ्यांतले थेंब गालांवरून खाली निघाले. त्यांना सोबत म्हणून डोळ्यांचे स्वतःचे पाणीही निघाले. "दाव सांगा आपलं."

न्हाव्याचा आवाज एकदम खाली आला. "साहेब... तुम्ही रडताय?"

"छे छे! बी रडत दाही. डोळे कोरडे आहेत बाझे."

न्हाव्याने त्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिले. पाणी हनुवटीवरून ठिबकून तक्रारीच्या कागदावर पडत होते. वीस वर्षे लोकांच्या चेहऱ्यांशीच काम पडलेल्या त्या माणसाला गलबलून आले. माझ्या दुकानातल्या उकाड्यासाठी सख्खा भाऊ कधी हळहळला नाही, आणि हा परका माणूस!

"राहू द्या," तो म्हणाला. "पंख्याचं काय एवढं? गिऱ्हाइकाला मी टॉवेलने वारा घालीन. पण तुम्ही असं मनाला लावून घेऊ नका." आणि भाऊंच्या हातातला कागद काढून घेऊन त्याने तो फाडून टाकला.

बारा वाजता एक आजी आल्या. त्यांच्या मिक्सरचे झाकण चालू यंत्रावरून उडाले होते आणि स्वयंपाकघराच्या छताला जाऊन आदळले होते. त्या भांडायच्या तयारीनेच आल्या होत्या. पदर खोचलेला होता.

"कोणी बनवलं हे? बोलव त्याला! माझ्या डोक्याला लागलं असतं म्हणजे?"

भाऊंनी नुकतीच बाटली खाली ठेवली होती. त्यांनी आजींकडे पाहिले. पाहता पाहता गाल भिजले, आणि बंद नाकातून एक लांब, ओला हुंदका निघाला. तो हुंदका नव्हता. ते श्वास घ्यायचा प्रयत्न करत होते.

"लागलं दाही दा, आजी?"

आजींनी पदर सोडला. "नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "नाही लागलं. पूस बघू डोळे. सुनेने सुद्धा विचारलं नव्हतं रे हे."

मग त्यांनी सुनेने आणखी काय काय विचारले नव्हते ते पाऊण तास सांगितले आणि तक्रार न नोंदवताच हलक्या मनाने घरी गेल्या.

त्यांनी शेजारणीला सांगितले. न्हाव्याने तर दाढीला बसणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, आणि दाढी चालू असताना माणसाला ऐकून घ्यावेच लागते. आठवड्याभरात खिडकी क्रमांक तीनपुढे रांग लागली. बिघडलेली यंत्रे घेऊन लोक येत, भाऊंपुढे मन मोकळे करत, भाऊंचे गाल भिजले की "जाऊ द्या हो" म्हणत आणि यंत्र तसेच काखोटीला मारून परत जात. पुढे तर चालू यंत्रे घेऊनही लोक येऊ लागले. एका मास्तरांनी धडधाकट इस्त्री आणली होती.

"हिला काय झालं?" भाऊंनी विचारले.

"हिला काही नाही. मला बोलायचं होतं. बत्तीस वर्षं शिकवलं, साहेब. एकही विद्यार्थी रस्त्यात ओळख देत नाही."

घड्याळात दोन वाजले होते. भाऊंनी थेंब घातले. मास्तर धन्य झाले.

खरे काय ते सांगायचा भाऊंनी पुष्कळ प्रयत्न केला. "हे औषध आहे हो," असे म्हणून ते बाटली दाखवत.

"पाहिलंत?" रांगेतले लोक एकमेकांना म्हणत. "रडून रडून डोळ्यांना औषध घालायची वेळ आलीय बिचाऱ्यावर."

महिनाअखेर साहेबांनी वही उघडली. शेवटच्या तीन आठवड्यांत एकही तक्रार नव्हती. त्यांनी उठून भाऊंशी हात मिळवला आणि अभिमानाने तो आकडा मुख्य कचेरीला कळवला. चार दिवसांत उत्तर आले. साहेबांनी ते वाचले, पुन्हा वाचले आणि मग भाऊंकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत सांगितले, "भाऊ, ते म्हणतात तक्रारीच नाहीत, तर तक्रारीची खिडकी कशाला? येत्या सोमवारी तपासनीस बाई येणार. दिवसभरात निदान पंचवीस तक्रारी नोंदल्या गेल्या तर खिडकी राहील. नाहीतर बंद."

"आडि बी?"

"गोदामात एक जागा रिकामी आहे."

भाऊंनी घरी येऊन बायकोला सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"तक्रारी जास्त झाल्या तरी गोदाब, दाही झाल्या तरी गोदाब!" भाऊ म्हणाले. "काय करू बी?"

"आधी रडायचं थांबवा."

"अगं, बी रडत दाही!"

"मला माहीत आहे. पण लोकांना नाही ना," बायको म्हणाली आणि चपला घालून त्यांना घेऊन निघाली.

नाकाचे डॉक्टर आणि डोळ्यांचे डॉक्टर एकाच इमारतीत बसत; नाकाचे खाली आणि डोळ्यांचे वर, अगदी त्यांच्या डोक्यावर. अकरा वर्षांत दोघे एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. जिन्यात भेटले तर एक कठड्याकडे बघे, दुसरा भिंतीकडे. बायकोने खालच्यांना वर बोलावलेय असे सांगून बाहेर काढले, वरच्यांना खाली बोलावलेय असे सांगितले आणि मधल्या वळणावर भाऊंना उभे केले.

"हे नाक तुमचं, हे डोळे तुमचे," ती नम्रपणे म्हणाली. "डोकं मात्र एकच आहे. तेवढं दोघांनी मिळून बघा."

डॉक्टरांनी नाइलाजाने एकमेकांकडे पाहिले.

"तुम्ही कोणती गोळी दिलीत?" वरच्यांनी विचारले.

खालच्यांनी सांगितली.

"अहो, मग डोळे कोरडे पडणारच!"

"पण मला डोळ्यांचं कोणी बोललंच नाही!"

अर्धा तास जिन्यातच खल झाला. गोळी बंद. नाकासाठी मिठाच्या कोमट पाण्याने धुणे आणि वाफ, डोळ्यांवर सकाळ-संध्याकाळ कोमट फडके, थेंब फक्त घरी, आणि दर थोड्या वेळाने पापण्या मिटायच्या. भाऊंनी हा नवा नेम अक्षरशः पाळला. पाचव्या दिवशी डोळ्यांतली वाळू गेली. सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ आवाजात म्हटले, "मला मऊ भात मिळेल का?" आणि बायकोने हातातली पळी खाली ठेवून देवाला हात जोडले.

सोमवारी तपासनीस बाई भाऊंच्या मागेच खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर वही, हातात पेन. चष्म्यातून त्या भाऊंच्या मानेकडे बघत होत्या. रांग दारापर्यंत होती.

पहिला न्हावी. "साहेब, पंखा आता फिरायचाच बंद झाला."

"नाव?" भाऊंनी खणखणीत आवाजात विचारले. "कधी घेतला होता? सही इथे करा."

न्हावी पेन न घेताच उभा राहिला. तो भाऊंच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता.

"एवढंच?"

"एवढंच. चार दिवसांत माणूस येईल."

"म्हणजे... पंखा वारा देत नव्हता तेव्हा तुम्हाला बोलवत नव्हतं. आणि आता तो मेलाय, तर तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही?"

"मी काय म्हणतो, तक्रार नोंदवू ना पंख्याची?"

"पंखा खड्ड्यात गेला! मी तुमची तक्रार करणार. कुठे करतात?"

कर्मचाऱ्याची तक्रारसुद्धा खिडकी क्रमांक तीनवरच करायची, असा नियम होता. भाऊंनी मागे वळून पाहिले.

"तक्रार कोणाची असावी, हे नियमात लिहिलेलं नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

भाऊंनी लिहून घेतले. 'कर्मचारी निर्दय झाला आहे.' तीन प्रती, क्रमांक एक, शिक्का.

मग मास्तर आले. आपल्या शेजाऱ्याला ते खास ही माया दाखवायला घेऊन आले होते. भाऊ त्यांना अतिशय आपुलकीने म्हणाले, "बसा मास्तर, कसे आहात?" पण डोळे स्वच्छ, कोरडे, आवाज मोकळा. मास्तरांनी मान हलवली. "शेवटी हाही त्यातलाच निघाला," ते शेजाऱ्याला म्हणाले. क्रमांक दोन. आपल्याला फसवून आणले म्हणून शेजाऱ्याने मास्तरांबद्दल तक्रार केली. ती या खिडकीत बसत नसल्याने त्यानेही भाऊंचीच केली. क्रमांक तीन.

दुपारपर्यंत भाऊंच्या मनगटाला कळ लागली. 'पूर्वी हुंदका द्यायचे, आता नुसते लिहितात.' 'माझ्या मिक्सरकडे पाहून हसले.' 'शेजारणीसाठी दोनदा रडले, माझ्यासाठी एकदाही नाही.' स्वतःविरुद्धचा शब्द न् शब्द ते वळणदार अक्षरात उतरवत होते आणि सही घ्यायला विसरत नव्हते.

चार वाजून गेले. तपासनीस बाईंनी वही मिटली.

"एकतीस," त्या म्हणाल्या. "एवढ्या तक्रारी असलेली खिडकी बंद करता येणार नाही. आणि स्वतःविरुद्ध इतकं प्रामाणिकपणे लिहिणारा माणूसही मी पाहिला नव्हता. तुम्ही इथेच बसा."

भाऊंनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. पंधरा वर्षांच्या वापराने ते लाकूड गुळगुळीत झाले होते. गोदाम नाही. भुगा नाही. उद्याही इथेच. आणि मग, कोणताही थेंब न घालता, दोन्ही डोळे भरून वाहू लागले.

रांगेत सगळ्यांत शेवटी मिक्सरवाल्या आजी होत्या. त्यांनी खिडकीच्या गजांना नाक लावून ते नीट निरखून पाहिले.

"आता कशाला रे?" त्या म्हणाल्या. "बाई बसल्यात म्हणून? आम्ही याचं खरं रडणं पाहिलंय. हे नाटक आहे."

"आजी, खरंच हो..."

"लिही. 'कर्मचारी खोटं रडतो.' आणि माझं नाव नीट घाल."

भाऊंनी बाहीने गाल पुसले, कार्बन सरळ केला आणि क्रमांक घातला: बत्तीस.

"सही इथे, आजी," ते म्हणाले.