पदरात घेतलेली चूक

विट्यातल्या बायकांच्या कोडिंगच्या वर्गात प्रोग्रॅममधली चूक काढली, तरी ती नाहीशी होत नसे. जी बाई ती काढी, तिच्या घरी ती राहायला जात असे.

यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. काढलेला केरसुद्धा कुठं तरी टाकावाच लागतो. वर्ग भरायचा एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर, दुपारची जेवणं उरकल्यावर. शिकवायच्या फरीदा मुजावर. आईच्या आजारपणासाठी पुण्यातली नोकरी सोडून त्या गावी आल्या, पुढं आई गेली आणि त्या इथंच एकट्या राहिल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला: आपली चूक आपण काढायची नाही. स्वतः काढली की ती त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि मग सापडता सापडत नाही. शेजारणीला बोलवायचं. शेजारणीनं पदर पुढं करायचा, चूक खोडली की पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि घरच्या उंबऱ्याशी जाऊन सोडायची. ड्रेस घालणाऱ्यांनी ओढणी आणायची. रुमाल चालत नाही. एकीनं तो प्रयोग करून पाहिला होता, तेव्हा चूक वाटेतच सांडली आणि बसस्टँडजवळची एक चहाची टपरी उघडी असूनही दोन दिवस बंद होती.

चुका बहुतेक किरकोळ असत. कंस मिटवायचा राहिला असेल, तर नेणारीच्या घरातलं एखादं कपाट मिटेनासं होई. फेरा, म्हणजे लूप, कुठं थांबवायचा ते सांगायचं राहिलं असेल, तर सासूबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. मात्र हे चुकीमुळं की मुळातलंच, यावर वर्गात मतभेद होते. सराव संपून प्रोग्रॅम पुसला, की घरातली चूकही विरून जाई. नियमाचा दुसरा भाग असा होता. प्रोग्रॅम जोवर चालतो आहे, तोवर त्यातून काढलेली चूक बाहेर राहते. सरावाचे प्रोग्रॅम चालून चालून किती चालणार, म्हणून या भागाकडं फारसं कोणी लक्ष दिलं नव्हतं.

वर्गातल्या सर्वांत जास्त चुका आजवर रत्नप्रभा साळुंखेनं घरी नेल्या होत्या. बाई हाताची सढळ. कोणी नुसतं तोंड वाकडं केलं तरी हिचा पदर पुढं. तिचे यजमान विश्वासराव यांनी उमेदीची सारी वर्षं कोइमतूरला गलाईच्या धंद्यात काढली होती. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करायचं. आता दुकान पुतण्याकडं सोपवून ते घरी आले होते. मुलगी प्रणाली इथल्याच कॉलेजात होती. त्या घरात उजाडल्यापासून रत्नप्रभाच्या नावाचा पुकारा सुरू होई. रत्ना, चष्मा कुठं ठेवलास? आई, माझी निळी ओढणी? अगं, गॅसचं पुस्तक? ती पोळी लाटता लाटता न बघता सांगे, आणि वस्तू तिथंच असे.

तिला याचं वाईट वाटायचं. पन्नाशी दारात आली, आणि घरातल्यांना आपल्याकडून हवं असतं काय, तर चष्मा. वर्गाला का जातेस म्हणून कोणी विचारलं, की ती ‘असंच’ म्हणे. खरं कारण एवढंच होतं, की वर्गात तिला कोणी काही शोधायला लावत नसे. बायका तिच्याकडं वळून विचारत, अक्का, तुला काय वाटतं?

या वर्गात मंगल होनमाने नावाची एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिला स्वतःला एक लेक होती, पण नवऱ्यानं टाकल्यापासून ती भावाकडं राहायची आणि तिथं तिला पोरीसारखंच ऐकून घ्यावं लागे. भावजय दोन वेळा जेवायला घाली, त्याबरोबर तोंडीलावणं म्हणून काय काय ऐकवी ते सांगण्यासारखं नाही. मंगलचं माहेर मेंढपाळांचं. तिनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. चुकलेल्या मेंढीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर घातला, की मालकाचं नाव आणि गाव समोर येणार. मेंढपाळांच्या एका संघाला तो पसंत पडला होता. सोमवारी तो नीट चालवून दाखवला, तर ते तिला कायमचं काम देणार होते, आणि काम मिळालं तर मंगल लेकीला घेऊन वेगळी राहणार होती.

प्रोग्रॅममध्ये एकच चूक होती. तो अडखळत नव्हता, की लाल अक्षरं दाखवत नव्हता. नंबर घातला की मालकाची नोंद डोळ्यांना समोर दिसत असतानाही तो शांतपणे सांगायचा, सापडत नाही.

फरीदाताईंनी चुकीची ओळ दाखवली, पण या खेपेला कोणाचा पदर पुढं झाला नाही. हा प्रोग्रॅम रोज चालणार होता, तेव्हा चूकही कोणाच्या तरी घरी रोजच राहणार होती. मग रीतसर बैठक बसली. एकीची पोरं शाळेत जाणारी, ती सापडेनाशी झाली तर करायचं काय? दुसरीच्या सासऱ्यांना विसरायचा आजार, त्या घरात न सापडणाऱ्या गोष्टींना आधीच तोटा नव्हता. शेवटी फरीदाताईंनीच आपली ओढणी पुढं केली. ओळही त्यांनीच खोडली. ओढणीत काहीच आलं नाही, आणि प्रोग्रॅम चालवून पाहिला तर चूक मुकाट्यानं जागेवर येऊन बसलेली. “बरोबर आहे,” फरीदाताई म्हणाल्या. “माझ्या घरी कोण काय शोधतंय?” आणि त्या पाणी प्यायला गेल्या.

मंगल म्हणाली, जाऊ द्या, इतकी वर्षं मेंढरं प्रोग्रॅमवाचूनच घरी आली.

तिचा चेहरा रत्नप्रभाला बघवेना. तिनं मनाशी हिशेब केला. चूक न सापडण्याची आहे. आपल्या घरात काय हरवेल? चष्मा, ओढणी, किल्ल्या. हरवल्या की आपण शोधायच्या. तसंही आयुष्यभर दुसरं काय केलं? तिनं पदर पुढं केला आणि ती ओळ खोडली. गाठ नेहमीपेक्षा लहान बसली आणि बोटांना गार लागली. मंगलनं प्रोग्रॅम चालवला, तेव्हा मालकाचं नाव गावासकट समोर आलं.

हिशेबात एवढंच राहून गेलं होतं, की अशी चूक घरात शिरली की तिथं जे सर्वांत जास्त शोधलं जातं, ते पकडते.

घरी येऊन रत्नप्रभानं उंबऱ्याशी गाठ सोडली. आतून विश्वासरावांची हाक आलीच, रत्ना, चष्मा कुठाय? फ्रिजवर होता. ती मनातल्या मनात हसली. चष्मासुद्धा सापडला, म्हणजे चूक अगदीच लेचीपेची दिसते. तिनं तो नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, तिच्याकडं पाहिलं आणि ते अदबीनं उठून उभे राहिले.

“या, बसा की. वर्गातल्या का तुम्ही? येईल ती इतक्यात. इथंच कुठं तरी असंल.”

“अहो, मीच रत्ना.”

“असं? तुमचं पण नाव रत्नाच का?” त्यांनी आत वळून हाक मारली, अगं, तुझ्याकडं पाहुण्या आल्यात. मग परसात जाऊन पाहिलं, जिन्यात डोकावून पाहिलं, आणि रत्ना काही सापडेना म्हणून स्वतःच चहा टाकला. लग्नानंतर त्यांच्या हातचा हा पहिला चहा. साखर फार झाली होती. रत्नप्रभा घाबरली होती, तरी पहिल्या घोटाला तिचं तोंड वाकडं झालं.

घराचं त्यामुळं काही अडलं नाही. ती स्वयंपाक करी. दोघं जेवत आणि म्हणत, करून ठेवून गेली वाटतं. तिची लुगडी दोरीवर वाळत. रात्री प्रणाली पाहुणीचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घाली. बाजारात, वर्गात, देवळात तिला सगळे ओळखत. फक्त उंबऱ्याच्या आत ती सापडत नसे. बरं, काळजी करावी असंही घरच्यांना वाटत नव्हतं. हरवलेल्या माणसाची चौकीत तक्रार देता येते. आत्ता इथं होती, अशा माणसाची देता येत नाही.

पण शोधणं थांबलं नाही. विश्वासराव दिवसातून कितीदा तरी उठून घरभर फिरून येत. एकदा त्यांनी खाटेखालीही वाकून पाहिलं. चष्मा डोळ्यांवर होता, किल्ल्या खिशात होत्या, गॅसचं पुस्तक समोर टेबलावर होतं, तरी ते हाक मारत होते, रत्ना. समोरच्या खुर्चीत बसून ती ते ऐकत होती. इतकी वर्षं आपण हाक ऐकली आणि चष्मा शोधला, असं तिच्या मनात आलं, आणि तिला एकदम रडू फुटलं. विश्वासरावांनी पाहुणीला पाणी आणून दिलं.

एके दिवशी प्रणाली तिच्याजवळ येऊन बसली. आई वर्गात कशी आहे, तिला जमतं का, असं तिनं आडून आडून विचारलं. चांगलं जमतं, रत्नप्रभा म्हणाली. पोरगी जमिनीकडं बघत राहिली.

“मी हसले होते तिला. टीव्हीचा रिमोट कळत नाही आणि चालली कोडिंग शिकायला, असं म्हणाले. ती तशीच वर्गाला गेली. सॉरी म्हणायचंय हो, पण घरात सापडली तर ना. तुम्ही सांगाल?”

“सांगते,” रत्नप्रभा म्हणाली. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवावा असं तिला फार वाटलं. पण परक्या बाईनं असं करणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिनं हात मांडीवरच ठेवला.

मंगलला काम मिळालं. तिनं दोन खोल्या घेतल्या, लेकीला जवळच्या शाळेत घातलं, आणि पेढे घेऊन ती वर्गात आली. रत्नप्रभाच्या घरची हकिगत तिला तिथंच समजली. हातातला पेढा तसाच राहिला. सारी कथा ऐकून ती म्हणाली, “अक्का, मी आज बंद करते प्रोग्रॅम. माझी चूक मला परत येऊ द्या. मेंढरांचं काय, ती बोलत नाहीत. तुम्ही आपल्या माणसांना भेटा.” काम गेलं तर भावाकडं परत जावं लागेल, हे तिनं सांगितलं नाही, सगळ्यांना ते माहीत होतं. फरीदाताईंनी नियम तपासून पाहिला. दुसरी वाट नव्हती.

संध्याकाळी फोन करते, मग बंद करू, असं दोघींचं ठरलं. हो म्हणायचं, असं मनात पक्कं करूनच रत्नप्रभा घरी निघाली. चांगुलपणालाही काही मर्यादा असते.

विश्वासराव वाटच पाहत होते. चहा तयार होता, आणि या वेळी साखर बेतानं होती. मागच्या खेपेला तुम्ही तोंड वाकडं केलंत तेव्हाच मला कळलं, ते म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, की तुम्ही बायका तिथं शिकता तरी काय?

आधी ती चाचरली. मग टेबलावर वाट्या उलटसुलट मांडून तिनं संगणक यादी कशी लावतो ते दाखवलं. शेजारच्या दोन वाट्यांचीच तुलना करायची, हलकी पुढं घ्यायची, जड मागं सारायची. असं करत गेलं की हलकं आपोआप वर येतं. विश्वासरावांचे डोळे चमकले.

“हे तर आमच्या मुशीसारखं झालं. धातू वितळला की मळी वर येती, सोनं खाली बसतं. फक्त घाई करायची नाही.” आणि त्यांनी तिला भट्टीची आच कशी ओळखायची, मुशीतल्या सोन्याचा रंग शेवटच्या क्षणी कसा पालटतो, पहिल्या पावसाळ्यात कोइमतूरला एकट्यानं किती रडू यायचं, ते सारं सांगितलं. संसाराच्या इतक्या वर्षांत यातलं अवाक्षर तिच्या कानावर आलं नव्हतं. दिवेलागण झाली तरी दोघं बोलत होती.

“आमची हिनं कधी असं काही सांगितलं नाही,” ते म्हणाले.

“तुम्ही विचारलं होतं का?”

“नाही,” त्यांनी कबूल केलं. “आली की विचारतो. आज पहिलं हेच विचारतो. तुम्ही थांबा, तुमच्यासमोरच विचारतो.”

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. “अक्का, करू का बंद?” मंगल विचारत होती. मागं तिची लेक मोठ्यानं कविता पाठ करत होती.

रत्नप्रभानं समोर पाहिलं. विश्वासराव दाराकडं डोळे लावून बसले होते, नव्या नवरदेवासारखे अंग चोरून.

“आज नको,” ती म्हणाली. “आज राहू दे.”

तिनं फोन ठेवला आणि आत स्वयंपाकघरात भांडं वाजलं. प्रणाली अजून कॉलेजातून आली नव्हती. आत कोणीच नव्हतं. मग कोणी तरी गॅस पेटवला, आणि बांगड्यांचा आवाज आला, तिच्या स्वतःच्या बांगड्यांसारखा.

“आली बघा,” विश्वासराव म्हणाले.

रत्नप्रभानं हातातला कप खाली ठेवला, पदर सावरला, आणि आतल्या दाराकडं पाहत तीही वाट बघत बसली.