शेषरावमामांचा खिळ्यावरचा पाना

आमच्या शेजारच्या शेषरावमामांकडे प्रत्येक हत्यार दोन-दोन आहे. एक भारी, एक भिकार. भारी हत्यारं तेल लावून, जुन्या धोतरात गुंडाळून लोखंडी पेटीत. भिकार हत्यारं दाराशी खिळ्यावर, मागायला येणाऱ्यांसाठी.

आणि हाच माणूस वडवणीच्या आठवडी बाजारात हत्यारांच्या दुकानापुढे उभा राहून, कोणी विचारलेलं नसताना, गिऱ्हाइकांना शिकवतो. "रोज हातात येतंय ते भारी घ्यावं. वर्सातून एकदा लागतंय ते हलकं चालतंय." आयुष्यभर विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केल्यात, म्हणून कोणी उलट बोलत नाही. मी बोलणार, कारण भोगतो मी.

परवा आमच्या गच्चीवरच्या टाकीचा नट ढिला होऊन पाणी गळायला लागलं. मामांकडे पाना मागितला. त्यांनी आधी बसवलं, चहा पाजला, मामी होत्या तेव्हा चहात गवती चहाची पात कशी पडायची ते सांगितलं आणि खिळ्यावरचा पाना दिला. तो नटावरून नुसता घसरायचा. माझी बोटं सोलली. परत गेलो. पुन्हा चहा, पुन्हा मामी, आणि दुसरा पाना, पहिल्याचा सख्खा भाऊ. तिसऱ्या फेरीला माझं डोकं तापलं.

"मामा, पेटीतला द्या की."

"पेटीतला कामाचा हाय, सर."

"मग माझं काय चाललंय?"

"बसा तर. च्या ठिवतो."

मी तडक बीडची बस धरली आणि चांगला दणकट पाना विकत आणला. नट एका झटक्यात बसला. मग पाना घेऊन मुद्दाम मामांकडे गेलो. जिरवायचीच होती.

मामांनी पान्याचा जबडा उघडला, मिटला, पाना तळहातावर तोलला. "लई चांगला हाय. पोरालाबी पुरंल तुमच्या." धोतराच्या सोग्याने पुसून तो माझ्या हातात दिला. "म्हंजी आता तुमचं येनं बंद. चांगलं हत्यार दिलं की मानूस एकदाच येतंय, सर."

चुलीशेजारी दोन कप मांडून ठेवलेले होते.

मी भडकलो. एवढ्यासाठी माझी बोटं सोलायची? चहाला येत जा, असं सरळ सांगता येत नाही?

दुसऱ्या दिवशी मी पक्कड मागायला गेलो. माझ्या घरात दोन आहेत. मामांनी खिळ्यावरची दिली. तीही भिकारच निघाली, संध्याकाळी परत जावं लागलं.