खरवडीचं संकेतस्थळ

प्रत्येक लघुउद्योजकाचं स्वतःचं संकेतस्थळ असलंच पाहिजे, असा निर्णय सोलो शहरातल्या एका प्रभाग कार्यालयाने घेतला. त्या प्रभागात बू वारसिनी (बू म्हणजे बाई) आईच्या काळापासून खरवड विकत होत्या आणि त्यांचं काहीही अडलेलं नव्हतं.

हंड्याच्या तळाला लागलेला भात इतर गावांत खरडून मांजराला घालतात. सोलोत तो उन्हात वाळवून, तळून, वर ताडगुळाचा पाक सोडून पाहुण्यापुढे ठेवतात आणि त्याला इंतिप म्हणतात. दुकान आईने काढलेलं. त्याला स्वतःचं नाव द्यायचा संकोच वाटला म्हणून तिने कडेवरच्या मुलीचं दिलं. ‘इंतिप बू वारसिनी’ ही पाटी लागली तेव्हा बू वारसिनींना दात यायचे होते. ईदेला जकार्ताहून गावी आलेली माणसं परतताना इथून डबे भरभरून नेत आणि त्या दिवसांच्या विक्रीवर घराचं वर्ष निघे.

निर्णयापाठोपाठ प्रशिक्षण झालं. कार्यालयातल्या अधिकारी बू रेत्नो यांनी पडद्यावर घराचं चित्र दाखवलं. “संकेतस्थळ म्हणजे तुमचं घर. त्याला पत्ता लागतो, जागा लागते आणि किल्ली लागते. पत्ता ज्याच्या नावावर, घर त्याचं.” सबंध प्रशिक्षणात कामाचं वाक्य हे एकच होतं आणि नेमकं त्याच वेळी फराळाचे खोके वाटले गेले. प्रश्नोत्तरांचा तास ठरल्याप्रमाणे पार पडला, म्हणजे कोणीही प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारणं म्हणजे बोलणाऱ्याला नीट सांगता आलं नाही असं सुचवणं. सोलोत असं कोणी करत नाही. मग सर्वांनी अंगठे वर करून फोटो काढला आणि प्रभाग डिजिटल झाल्याचं जाहीर झालं.

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. सोलोत ती घरातली मोठी सून आहे. तिच्या हातात किल्ल्या आहेत आणि तिला विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही.

वेबसाइट करायला प्रभागप्रमुखांचे भाचेजावई मास पांजी, म्हणजे पांजीदादा, आले. माणूस गोड बोलणारा. चहा घेता घेता म्हणाले, “बू, पत्ता, जागा, किल्ली सगळं माझ्याच नावावर घेऊन टाकतो. तुम्हाला कशाला उगाच ताप?”

“तुमचेच उपकार, मास,” बू वारसिनी म्हणाल्या. किती भला मुलगा, असं त्यांना खरोखर वाटलं.

उद्घाटनाला पिवळ्या भाताचा उंच डोंगर रचला. मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी लॅपटॉपकडे तोंड करून दुआ मागितली. भाताचा शेंडा कापून मानाच्या माणसाला द्यायचा असतो, तो मास पांजींना दिला. बाकीच्या गोष्टी त्यांच्याकडे आधीच गेल्या होत्या.

काही दिवसांनी बू वारसिनींच्या मुलाने आईला नवा फोन आणि नवा नंबर घेऊन दिला. जुन्या नंबरात पैसे भरायचे राहिले, तो बंद पडला आणि कंपनीने रीतसर दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकला. वेबसाइटवर मात्र जुनाच राहिला. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते सुनेच्या. सून तिउर्मा मेदानकडची, बताक जमातीतली. तिकडची माणसं मनात येतं ते बोलतात. सोलोत हा एक आजार समजला जातो आणि अशा माणसाला सगळे सांभाळून घेतात.

“आई, वेबसाइटवर जुना नंबर आहे. ईद तोंडावर आली.”

“हो का.”

“हो का काय? पांजीला सांगा बदलायला. दोन मिनिटांचं काम.”

“सांगते ना.”

बू वारसिनी खरवडीचा मोठा डबा घेऊन मास पांजींकडे गेल्या. आधी हवापाण्याचं झालं. मग त्यांच्या आईच्या गुडघ्यांचं झालं. मग चहा आला.

“वेबसाइट फार सुंदर झालीये हो, मास.”

“छे, काहीतरीच. काही कमी असेल तर सांगा, बू.”

“कमी कसली? फक्त...”

“फक्त?”

“फक्त तुम्हाला फार कष्ट पडले, त्याचं वाईट वाटतं.”

त्या घरी आल्या. मास पांजी मात्र बेचैन झाले. एवढा मोठा डबा घेऊन आलेली बाई ‘फक्त’ म्हणून थांबते, म्हणजे तक्रार नक्की आहे. रंग पसंत नसावा. दुसऱ्या दिवशी वेबसाइट जांभळी झाली.

“आता जांभळ्यात जुना नंबर आहे,” तिउर्मा म्हणाली.

बू वारसिनी आणखी मोठा डबा घेऊन गेल्या. या खेपेला त्या ‘फक्त’वर जरा जास्त वेळ थांबल्या. मास पांजींनी रात्रभर विचार केला आणि वेबसाइटला गामेलानचं संगीत जोडलं. पान उघडलं की घंटा वाजू लागत आणि पान बंद केलं तरी थोडा वेळ वाजत राहत.

तिसऱ्या खेपेला बू वारसिनींनी जिवाचा हिय्या केला. निरोप घेता घेता, चपला घालताना, पाठ वळवून त्या म्हणाल्या, “तो नंबर... लोकांना नीट दिसत असेल ना हो?”

मास पांजींना हायसं वाटलं. एवढंच होतं तर! त्यांनी नंबर चौपट मोठा केला, लाल केला आणि त्याची उघडझाप होईल अशी व्यवस्था केली.

आता या नंबराविषयी. तो ज्यांना मिळाला ते पाक गिमान, म्हणजे गिमानराव, शौचालयाच्या टाक्या उपसण्याचा व्यवसाय करत. सज्जन गृहस्थ. नंबर मिळाल्या मिळाल्या त्यांनी तो शहरातल्या निम्म्या विजेच्या खांबांवर रंगवून घेतला होता. ईद जवळ आली तसे त्यांना फोन येऊ लागले.

“खरवड मिळेल का हो? गोड, दहा डबे?”

सोलोच्या भाषेत नकाराला शब्द आहे, पण तो तोंडात घ्यायची पद्धत नाही. समोरचा माणूस जकार्ताहून बोलतोय, त्याची सुट्टी थोडी, त्याला नाराज कसं करायचं? पाक गिमान म्हणाले, “हो, मिळेल की.” आणि एकदा हो म्हटल्यावर आणून देणं आलंच. ते बू वारसिनींच्या दुकानातून डबे घेत आणि टाकीच्या ट्रकमधून घरपोच देत. पुढच्या सीटवर डबे, मागे टाकी. काही गिऱ्हाइकांनी लगे हात दोन्ही कामं उरकून घेतली.

एवढे डबे कुठे नेता, असं बू वारसिनींनी त्यांना विचारलं नाही. ते बरं दिसलं नसतं. पाक गिमाननीही सांगितलं नाही. ती फुशारकी वाटली असती.

शेवटी तिउर्माने त्या नंबरावर फोन लावला आणि दोन वाक्यांत तिला सगळं कळलं.

“आई, तुमच्या वेबसाइटवर मैला उपसणाऱ्याचा नंबर आहे. तोच तुमची खरवड विकतोय.”

“माणूस चांगला आहे गं. रोख घेतो.”

“उद्या तो दुसरीकडून घेईल, तेव्हा? आपलीच मोरी आणि मुतायची चोरी म्हणतात, ते हेच.”

“हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत. फिरत फिरत पांजीच्या कानावर तरी जाईल.”

“तू जायचं नाहीस हं त्याच्याकडे. शपथ आहे तुला माझी. प्रभागप्रमुखांचं घर आहे ते. गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.”

तिउर्मा गेली नाही.

इतक्यात ईदेच्या जत्रेची घोषणा झाली. रेल्वे स्टेशनसमोरच्या मैदानातले स्टॉल फक्त प्रमाणित संकेतस्थळधारकांना मिळणार होते. मालकाची खातरजमा करण्याची पद्धत कार्यालयाने आधीच ठरवून ठेवली होती: संकेतस्थळावर जो नंबर असेल त्यावर फोन करायचा आणि मालक आहात का असं विचारायचं. बू रेत्नोंनी फोन केला.

“इंतिप बू वारसिनी या संकेतस्थळाचे मालक आपणच का?”

पाक गिमान गडबडले. सरकारी बाई, एवढ्या अदबीने विचारतेय. “हो,” ते म्हणाले.

“खरवडीचा धंदा आपला?”

“थोडाफार करतो, बू.”

खातरजमा झाली. मात्र बू रेत्नो काटेकोर होत्या. पत्ता मास पांजींच्या नावावर दिसला म्हणून त्यांनी त्यांनाही विचारलं, “हे दुकान पाक गिमान यांचं आहे का?”

मास पांजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे बू वारसिनींनी धंदा विकला. म्हणून त्या डबे घेऊन येत होत्या, म्हणून दर वेळी ‘फक्त’वर अडत होत्या. बिचारीला सांगताना लाज वाटत असणार. त्या माउलीला आणखी अवघडायला नको म्हणून त्यांनी “हो” म्हटलं आणि त्याच दुपारी पत्ता, जागा आणि किल्ली पाक गिमान यांच्या नावावर करून दिली. तोवर नंबर बदलायला ज्यांना जमलं नव्हतं, त्यांनी मालक बदलायला घटकाभरही लावला नाही.

प्रमाणपत्रावर छापून आलं: ‘इंतिप बू वारसिनी. मालक: गिमान.’

स्टॉल मागायला बू वारसिनी कार्यालयात गेल्या.

“या नावाने एक स्टॉल दिला गेलाय, बू,” बू रेत्नो अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या. “एका नावाने दोन देता येत नाहीत.”

“पण ते नाव माझं आहे.”

“असेल की. ओळखपत्रावर तुमचंच आहे. व्यवसायाला मात्र ते त्यांचं आहे. आपल्याला तक्रार करायची आहे का? करू शकता. मग मास पांजींचं चुकलं, पाक गिमानचं चुकलं आणि माझं चुकलं, असं तोंडी सांगावं लागेल. आम्हा तिघांसमोर.”

बू वारसिनी उठल्या. “छे छे. मी आपली सहज आले होते,” त्या म्हणाल्या आणि आणलेला डबा टेबलावर ठेवला.

“आणि बू, एक विनंती. दुकानावरच्या पाटीमुळे गिऱ्हाइकांचा गोंधळ होऊ नये म्हणून... म्हणजे तुम्हाला त्रास नसेल तर...”

त्रास नव्हता. बू वारसिनींनी घरी येऊन पेटीतलं चांगलं बातिक काढलं, पाटीवर टाकलं आणि त्याची चुणी नीट केली. आईने रंगवून घेतलेली पाटी होती ती. कापड टाकल्यावर त्यांना रडू आलं, आणि भर दुपारी रस्त्यावर रडणं बरं नाही म्हणून त्या आत जाऊन रडल्या.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी पाक गिमान आले. हातात बिस्किटांचा डबा आणि काखेत प्रमाणपत्राची गुंडाळी. त्यांना चार दिवस झोप नव्हती. हे दुकान आपलं नाही, हे या साऱ्या प्रकारात त्यांच्याइतकं स्वच्छ कोणालाच ठाऊक नव्हतं आणि ते परत करायला ते आले होते.

हवापाण्याचं झालं.

“बू, हे प्रमाणपत्र... फक्त...”

“फक्त?” बू वारसिनी पुढे वाकल्या. जन्मात त्यांनी एखाद्या शब्दाची इतकी वाट पाहिली नव्हती.

पाक गिमाननी पाहिलं. बाई अजून गोड बोलतेय, तक्रारीचं अवाक्षर नाही. आता आपण चूक कबूल करायची, म्हणजे ती तिच्या ध्यानात आली नव्हती असं ठरवून तिचाच अपमान करायचा. “फक्त आपले आभार मानायचे होते,” ते म्हणाले.

“छे, त्यात काय,” बू वारसिनी म्हणाल्या.

दारात तिउर्मा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. एक वाक्य बोलली असती तर प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं. वाक्य तिच्या ओठांवर आलंही. तिने सासूकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं. मेदान सोडून तिला बरीच वर्षं झाली होती.

“साखर किती घालू, पाक?” तिने विचारलं.

जत्रा झोकात झाली. गल्ल्यावर पाक गिमान बसले. मागे कढईशी बू वारसिनी होत्या. पाक गिमाननी त्यांना आग्रहाने बोलावलं होतं आणि नाही म्हणणं शोभलं नसतं. खरवड दुपारपर्यंत संपत आली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “तळणाऱ्या बाई कोण हो?” पाक गिमान खाली बघत म्हणाले, “आमच्याकडेच असतात.”

शेजारच्या स्टॉलवरची बातिक विकणारी बाई बू वारसिनींशी बोलायला आली. “तुमची ती जांभळी वेबसाइट पाहिली हो. किती छान वाजते. मलाही करायचीये. कोणी केली?”

बू वारसिनींच्या हातातला झारा थांबला. “फक्त...” त्या म्हणाल्या.

“फक्त?”

“फक्त मास पांजींना सांगा. फार भला माणूस. सगळं स्वतःच्याच नावावर घेतो, आपल्याला काही ताप नाही.”

तुम्ही हसलात, हे ठीकच आहे. तुमच्या दुकानाची, क्लासची नाहीतर दवाखान्याची वेबसाइट भाच्याच्या ज्या मित्राने करून दिली, तिचा पत्ता कोणाच्या नावावर आहे तेवढं त्याला आज विचारून बघा. फोन तुम्ही लावाल, याबद्दल मला शंका नाही. आधी हवापाण्याचं होईल. मग त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी होईल. मग तो विचारेल, “बोला काका, काही काम होतं का?” आणि तुम्ही म्हणाल, “छे रे, सहज केला होता.”